आधी ओपीडी, मग नीट

बमरोलीतल्या मुलाला डॉक्टर भेटतो तो आजारी पडल्यावर, आणि तोही चार-पाच मिनिटं. पांडेसऱ्याला खेटून असलेली सुरतेची ही वस्ती यंत्रमाग आणि डाइंग-प्रिंटिंगच्या जिवावर वाढली. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटामागे आलेली कुटुंबं उधना, लिंबायत, पांडेसरा, बमरोली या पट्ट्यात दोन-तीन पिढ्यांपासून राहताहेत. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, सरकारी कागदावर गुजराती. बापाची लूमवर बारा तासांची पाळी, आईचं साड्यांना लेस-टिकल्या लावायचं घरबसल्या काम, आणि दोघांच्या तोंडी एकच वाक्य: पोराला डॉक्टर करायचं. मग कोचिंगची फी, एक वर्ष रिपीट, कधी दोन. एवढ्या खटाटोपात एक गोष्ट राहून जाते. डॉक्टरचं काम दिवसभर कसं चालतं, हे घरातल्या कुणीच पाहिलेलं नसतं.

अमेरिकेत हे पाहणं जवळजवळ सक्तीचंच झालं आहे. तिथे वैद्यकीय शाखेत जाण्याआधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते आणि त्या काळात डॉक्टरांच्या मागे सावलीसारखं फिरून त्यांचं काम बघायचं, असा रिवाज आहे. शॅडोइंग म्हणतात ते हेच. प्रवेशाच्या सामायिक अर्जात पंधरापर्यंत अनुभव लिहायला जागा असते. त्यातले तीन सर्वांत महत्त्वाचे म्हणून निवडून त्यांच्यावर जास्त लिहायचं. बहुतेकांच्या यादीत डॉक्टरांबरोबर घालवलेले तास असतातच. कायद्याने ते बंधनकारक नाहीत, पण नसले तर मुलाखतीत विचारणा होते, म्हणजे व्यवहारात बंधनकारकच. न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत याची फारशी अडचण पडत नाही. मामा हृदयरोगतज्ज्ञ, काकू बालरोगतज्ज्ञ, नाहीतर महाराष्ट्र मंडळात कुणीतरी ओळखीचं निघतंच.

भारतात याच्या नेमकं उलट. नीट या एकाच परीक्षेवर एमबीबीएसचा प्रवेश ठरतो. १८० प्रश्न, ७२० गुण, त्यातले ३६० जीवशास्त्राचे आणि प्रत्येकी १८० भौतिकशास्त्राचे व रसायनशास्त्राचे. २०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक मुलं परीक्षेला बसली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा होत्या साधारण १ लाख १८ हजार. या गणितात माणसाशी बोलता येतं का, रक्त पाहून पाय लटपटतात का, रात्रीच्या जागरणाची तयारी आहे का, असल्या प्रश्नांना जागाच नाही. मुलाखत नाही, निबंध नाही, शिफारसपत्रही नाही. जे विचारलंच जात नाही त्याची तयारी कोण करणार? लातूर असो, कोटा असो की सुरत, कोचिंगवाल्यांचा यात काही दोष नाही; परीक्षा मागते ते ते देतात.

मुलाखत नाही म्हणजे वशिला नाही, हा नीटचा मोठाच गुण आहे. तो ओलांडून पुढे जाता येणार नाही. २०१३ मध्ये ही परीक्षा पहिल्यांदा झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली आणि २०१६ मध्ये पुन्हा आणली. त्याआधीच्या काळात खासगी महाविद्यालयांच्या दारात काय चालायचं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना मुलाखतीचं नाव काढलं तरी धास्ती वाटते. आणि ती रास्त आहे.

तरीही एकाच परीक्षेचा हा साचा येण्याआधी काही संस्था माणूस पारखून घेत असत. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज लेखी परीक्षेनंतर उमेदवारांना आवारात बोलावून घ्यायचं आणि काही दिवस मुलाखती, गटकाम यांतून त्यांना पाहायचं. नीटच्या सक्तीला विरोध म्हणून या कॉलेजने २०१७ मध्ये एमबीबीएसला एकच विद्यार्थी घेतला होता. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांनाही नीट लागू असल्याचा निकाल दिला आणि तो वाद मिटला. महाराष्ट्रात सेवाग्रामला डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची स्वतःची प्रवेशपरीक्षा होती आणि तिच्यात गांधीविचारांचा एक पेपर सक्तीचा होता. तोही नीटबरोबर गेला. उरली आहे ती प्रवेशानंतरची प्रथा. नवे विद्यार्थी आश्रमात राहतात, सूत कातायला शिकतात, श्रमदान करतात आणि पुढे खेड्यातल्या शिबिरात घरोघर जातात. पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय (एएफएमसी) मात्र लष्करी असल्याने नीटच्या गुणांवर आपली वेगळी चाचणी आणि मुलाखत आजही घेतं. त्या मुलाखतीतही, तुम्ही कुठल्या दवाखान्यात किती तास बसलात, हा काही निकष नाही.

पण म्हणून भारतातलं कुठलंच मूल डॉक्टरचं काम पाहून वैद्यकीयला जात नाही असं थोडंच आहे! डॉक्टरांची मुलं जातात. खाली दवाखाना, वर घर, अशा घरातल्या मुलाने दहावीपर्यंत काय काय पाहिलेलं असतं! जेवणाच्या ताटावरून उठून गेलेले वडील, बिलावरून हुज्जत घालणारे नातेवाईक, रात्री दोनला वाजलेली बेल, आणि एखाद्या पेशंटच्या मृत्यूनंतर घरात पसरलेला अबोला. याची त्याला नोंद ठेवावी लागत नाही, कुणाला विचारावंही लागत नाही. अमेरिकेत जे तास मोजून अर्जात लिहावे लागतात ते इथे काही घरांत आयते मिळतात आणि बाकीच्या घरांत मिळतच नाहीत.

सुरतेत या गोष्टीचं एक जुनं आणि ठळक मराठी उदाहरण आहे: डॉ. रखमाबाई. जन्म १८६४, मुंबई. बालपणी झालेलं लग्न नाकारून नवऱ्याविरुद्ध लढलेल्या खटल्यासाठी त्या सर्वांना माहीत आहेत, पण इथे महत्त्वाचं आहे ते त्यांचं घर. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतले नामांकित डॉक्टर, ग्रँट मेडिकल कॉलेजशी जोडलेले, वनस्पतिशास्त्राचे जाणकार आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. वैद्यक कशाशी खातात हे रखमाबाईंना लहानपणापासून डोळ्यांसमोर दिसत होतं. पुढे कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना बळ दिलं. १८८९ मध्ये त्या लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या आणि १८९५ च्या सुमारास सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. तिथे त्यांनी वीसहून अधिक वर्षं काढली. त्यानंतर त्या राजकोटला गेल्या. बाळंतपणासाठी रुग्णालयात यायला सुरतेच्या बायका घाबरत, तेव्हा त्यांनी एक गाभण शेळी आणून रुग्णालयातच तिची सुटका केली आणि बायकांची भीड चेपली, अशी आठवण सांगितली जाते. हे शहाणपण पुस्तकातून येत नाही.

त्यांच्या जोडीने आठवतात त्या आनंदीबाई जोशी. त्यांच्या घरात डॉक्टर नव्हता. पोस्टात कारकुनी करणारा नवरा आणि दहा दिवसांत दगावलेलं बाळ, एवढीच त्यांची वैद्यकाशी ओळख. पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने १८८३ मध्ये त्यांना घेतलं ते पत्रातून दिसणाऱ्या हेतूवर, आणि १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. म्हणजे आधी पाहिलेलं नसलं तर डॉक्टर होताच येत नाही, असा दावा कुणी करू नये. प्रश्न एवढाच आहे की ज्याच्या घरात डॉक्टर नाही त्याने तो कुठे पाहायचा?

सरकारी उत्तर असं की प्रवेश मिळू द्या, मग दाखवू. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी रुग्णांची ओळख करून देण्याची तरतूद आहे. त्या आराखड्यात सुरुवातीला १७५ तासांचा पायाभूत वर्ग होता, त्यात रुग्णालयाची ओळख, प्रथमोपचार, भाषा, संवाद अशा गोष्टी होत्या. शिवाय वृत्ती, नीती आणि संवाद यांचे स्वतंत्र पाठ आले. नंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक योजना आणली. प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची आणि शिक्षणभर त्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं. हे सगळं चांगलंच आहे. पण ज्याने दोन वर्षं रिपीट करून, घरच्यांचं सोनं गहाण टाकून जागा मिळवली, त्याला पहिल्या वर्षी कळलं की आपल्याला हे काम झेपणार नाही, तर तो परत कुठे जाणार? तो राहतो. आणि ज्यांना जागा मिळतच नाही त्या वीसातल्या एकोणीस मुलांचा विचार तर या योजनेत कुठेच नाही. त्यांतल्या कितीकांना फार्मसी, नर्सिंग, लॅब टेक्निशियन किंवा फिजिओथेरपी आवडली असती. पण दवाखान्यात डॉक्टरशिवाय आणखी कोण काय करतं, हेच त्यांनी पाहिलेलं नसतं.

जर्मनीने यावर वेगळा तोडगा काढला आहे. तिथे वैद्यकीय विद्यार्थ्याला पहिल्या मोठ्या सरकारी परीक्षेआधी तीन महिने रुग्णालयात परिचारकाचं काम करावंच लागतं, आणि पुष्कळ जण ते प्रवेशाआधीच उरकतात. अंथरूण बदलायचं, भरवायचं, बेडपॅन उचलायचं. डॉक्टरच्या मागे उभं राहून मान डोलावण्यापेक्षा यातून जास्त कळतं, असं म्हणायला हरकत नाही. ब्रिटनमधल्या वैद्यकीय शाळांच्या परिषदेचा सल्लाही याच दिशेचा आहे. रुग्णालयातच अनुभव घेतला पाहिजे असं नाही. वृद्धाश्रमात, अपंगांच्या संस्थेत केलेलं काम तितकंच चालतं, फक्त त्यातून काय उमजलं ते मुलाखतीत सांगता आलं पाहिजे. कोविडच्या काळात दवाखान्यांची दारं बंद झाली तेव्हा तिथल्या फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेने घरबसल्या पाहता येईल असा मोफत चित्रफितींचा कार्यक्रमही सुरू केला.

शॅडोइंगचा खरंच उपयोग होतो का, याचा पुरावा मात्र तोकडा आहे. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातल्या एलिझाबेथ किट्सिस यांनी २०११ मध्ये या प्रथेवर लेख लिहून काही बोचरे प्रश्न विचारले आणि २०१३ मध्ये एका सहलेखकासह या विषयावरच्या उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. हाती लागले ते मोजकेच अभ्यास. विद्यार्थ्यांना अनुभव आवडतो, एवढं त्यातून दिसतं. पण ओळख असलेल्याला संधी आणि नसलेल्याला नकार, परक्या पोरासमोर कपडे उतरवावे लागलेल्या रुग्णाची कुचंबणा, आणि विद्यार्थ्याने कसं वागायचं याचे नियमच नसणं, या गोष्टी त्यांनी मांडल्या आणि आचारसंहिता सुचवली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेला आणखी एका प्रकारावर नियमावली काढावी लागली. मुलं गरीब देशांत जाऊन, आपल्या देशात ज्याला हात लावू दिला नसता अशी कामं रुग्णांवर करून येत होती. सुट्टीत आजोळी आलेला नातू मामाच्या हॉस्पिटलात टाके घालून परत जातो आणि ते अर्जात कौतुकाने लिहितो, हे आपल्याकडेही अगदीच ऐकिवात नाही असं नव्हे.

बमरोली-पांडेसऱ्यात तर आणखी एक अडचण आहे. डॉक्टरशेजारी बसायचं ठीक, पण तो डॉक्टर आहे का? डिसेंबर २०२४ मध्ये सुरत पोलिसांनी बनावट वैद्यकीय पदव्या विकणारी टोळी पकडली. सुमारे ७० हजार रुपयांना पदवी मिळत होती, आणि या प्रकरणाचा धागा पांडेसऱ्यातल्या दवाखान्यांवर घातलेल्या छाप्यांतून हाती लागला. कामगार वस्तीत असे दवाखाने चालतात कारण ते रात्री उशिरापर्यंत उघडे असतात, उधारीवर औषध देतात आणि सुई लगेच टोचतात. अशा ठिकाणी बसून मूल शिकेल ते नेमकं विसरायला हवं असलेलं. म्हणून पहिली पायरी नोंदणी पाहण्याची. एमबीबीएस डॉक्टरचं नाव गुजरात मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत सापडतं, आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांची नोंद त्या त्या मंडळाकडे असते. भिंतीवरची फ्रेम म्हणजे पुरावा नव्हे.

दुसरी पायरी, हात पाठीमागे. परवान्याशिवाय वैद्यकी करणाऱ्याला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३४ खाली एक वर्षापर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती इंजेक्शन देणारा डॉक्टर त्याला शिकवत नसतो, कंपाउंडरचा पगार वाचवत असतो. पेशंटला आधी विचारायचं, पेशंट नको म्हणाला तर उठून बाहेर बसायचं. स्त्रीरुग्णाच्या तपासणीच्या वेळी मुलगा आत नको, हे डॉक्टरांनी सांगायची वाट पाहू नये. मोबाइल घरी. हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली असावी, टीबीचा संशय असलेल्या पेशंटच्या वेळी मास्क असावा. आणि ऐकलेलं तिथेच ठेवायचं. गल्लीतल्या शेजारणीचा रिपोर्ट घरी आईला सांगितला, तर तो डॉक्टर पुन्हा कुणाही मुलाला बसू देणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल.

एवढं सांभाळलं तर या वस्तीतल्या ओपीडीत काय दिसेल? संध्याकाळी पाळी सुटली की बाकडी भरतात. लूमवर वीस वर्षं काढलेल्या कारागिराशी डॉक्टर मोठ्याने बोलतात. मागांच्या खडखडाटाने त्याचे कान गेलेले असतात आणि त्याला स्वतःला ते नीटसं उमगलेलंही नसतं. खोकला किती दिवसांचा, हा प्रश्न साधा वाटतो. पण उत्तर दोन आठवड्यांच्या पुढे गेलं की थुंकी तपासायला पाठवायचं असतं, आणि तिथे पाठवायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायला लावायचं. कारागीर मीटरवर पैसे घेतो. त्यामुळे औषधाच्या चिठ्ठीआधी तो विचारतो, कामाला जाऊ ना? या प्रश्नाचं उत्तर जीवशास्त्राच्या कुठल्याही धड्यात नाही. पावसाळ्यात तापाचे रुग्ण रांगेने येतात. डेंग्यू, मलेरिया आणि शेताकडून आलेला असेल तर दक्षिण गुजरातचा जुना पाहुणा लेप्टोस्पायरोसिस, यांतून कुठला ताप घरी पाठवायचा आणि कुठला मजुरा गेटच्या सिव्हिलला, याचा निर्णय मिनिटभरात घ्यावा लागतो. शेवटच्या पेशंटनंतर सिस्टर कचरा वेगळा करते. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनची नळी लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात, काचेच्या कुप्या निळ्या खोक्यात. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलाने या सिस्टरजवळ दोन संध्याकाळी काढल्या तरी त्याला दवाखाना निम्मा समजेल.

आठ-दहा दिवस असं बसून मुलगी म्हणाली, नको, मला हे नाही जमणार, तर तो वेळ वाया गेला असं समजू नये. घरचे दोन-चार लाख आणि तिची दोन वर्षं वाचली. आणि बसून आल्यावर ती जास्तच हट्टाला पेटली, तर पुढच्या रिपीटच्या वर्षाला निदान काही अर्थ आहे.

मग हे प्रवेशाच्या गुणांत धरावं का? अजिबात नको. ज्या दिवशी शॅडोइंगला पाच गुण मिळतील त्या दिवशी त्याची प्रमाणपत्रं विकायला येतील. जिथे नीटच्या प्रश्नपत्रिकेवरून आणि बनावट पदव्यांवरून धाडी पडतात तिथे शंभर तासांच्या दाखल्याची काय कथा? शिवाय गुण ठेवले की पुन्हा डॉक्टरांच्याच मुलांना फायदा, जसा अमेरिकेत होतो. गुणांपासून लांब ठेवलं तरच ते स्वच्छ राहील. त्याची खरी वेळही नीटच्या वर्षात नाही. दहावीनंतरची मे महिन्याची सुट्टी ही ती वेळ, जेव्हा सायन्स घ्यायचं की नाही हेच अजून ठरायचं असतं.

आणि सुरतेत हे करायला नवा कायदा लागत नाही. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, तिच्या सुमन हायस्कुलांत दहावीची मुलं बसतात. वस्तीवस्तीत नागरी आरोग्य केंद्रं तिचीच आहेत. आणि २००० मध्ये सुरू झालेलं स्मिमेर हे वैद्यकीय महाविद्यालयही तिचंच आहे. शाळा, दवाखाना आणि वैद्यकीय महाविद्यालय एकाच मालकाचं, असं भाग्य देशातल्या फार थोड्या शहरांना आहे. शिक्षण समितीने नावं द्यायची, आरोग्य विभागाने एका केंद्रावर एका वेळी दोनच मुलं घ्यायची, स्मिमेरने आदल्या दिवशी दोन तासांत कसं वागायचं ते शिकवायचं. डॉक्टरांना याचा ताप होईल हे खरं. गर्दीच्या ओपीडीत आणखी दोन डोकी कुणाला हवी असतात? पण आठ दिवसांसाठी दोन स्टुलं मावतात.

महापालिका करेल तेव्हा करेल. तोवर बमरोलीतल्या आईबापांनी कोचिंगचा पहिला हप्ता भरण्याआधी जवळच्या नोंदणीकृत डॉक्टरांना किंवा आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना एकदा विचारावं: साहेब, पोरीला आठवडाभर कोपऱ्यात बसू द्याल का? काही जण नाही म्हणतील. विचारायला पैसे पडत नाहीत.